सोळाव्या मैलाचं वळण

केळापूर तालुक्यात आमच्या रस्त्यावर सोळाव्या मैलाला एक वळण आहे. सरळ चाललेला रस्ता तिथं डावीकडं पोट काढतो आणि दोन फर्लांगांनी परत लाइनीवर येतो. ट्रकवाले त्या वळणाला शिव्या देतात. कोणी म्हणतं, पाटलाचं शेत वाचवलं. कोणी म्हणतं, साहेबानं दारू पिऊन आखणी केली. दोन वर्षं मी मुकाट ऐकलं. आता ऐकत नाही. ते वळण ज्या बाईमुळं आहे तिचं नाव एकाही सरकारी कागदावर नाही, आणि ते नाही यात माझा हात आहे.

मी धर्मपाल, राळेगावकडचा. शाळा दुसरीत सुटली. पुढचं वाचन मी डांबराच्या पिंपांवरच्या अक्षरांवर, मैलाच्या दगडांवर आणि साहेबांनी फेकलेल्या रद्दीवर केलं. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो तेव्हा मी खडी फोडत होतो. साठ साली मिस्त्री झालो. तीन मैलांचं काम, चाळीस माणसांची गँग आणि एक नकाशा माझ्या हाती आला. नकाशा मी कोऱ्या धोतरात गुंडाळून पेटीत ठेवायचो. उशिरा वाचायला शिकलेल्या माणसाला एक रोग असतो. कागदावर असेल ते सगळं त्याला खरं वाटतं. मला तो रोग जबर जडला होता.

नकाशात रेघ सरळ होती, म्हणून आम्ही रस्ता काळ्या जमिनीतून सरळ नेला. त्या साली पावसाळ्यात भराव खचला. पुढच्या साली खाली मोठाले दगड बसवले. पोळ्यापर्यंत जमिनीनं ते दगडही गिळले, वर ढेकर दिला नाही. ओव्हरसियरसाहेब पांढरी पँट सांभाळत आले, खचलेल्या जागेपासून दहा पावलं लांब उभे राहिले आणि म्हणाले, "मिस्त्री, पुढच्या पावसात हा तुकडा बसला तर मी रिपोर्ट लिहिणार. रोलर नीट फिरवला नाही म्हणून. तू घरी, तुझी गँगही घरी. तुम्हा लोकांच्या हातात काम दिलं की हे असंच होतं."

रेघ त्यांच्या ऑफिसची, आणि दोष माझ्या जातीचा. मी "जी साहेब" म्हणालो. त्या "जी"ची लाज मला आजही वाटते.

तिसऱ्या सालचं काम माघात सुरू झालं. गँगमध्ये रुपीबाई होती. जवळच्या भावसिंगच्या तांड्यावरची, साठीतली बंजारा बाई. खडी फोडताना चिपा उडून बलिया, म्हणजे हातभरच्या पांढऱ्या बांगड्या, फुटू नयेत म्हणून दोन्ही हातांना कोपरापर्यंत चिंध्या गुंडाळायची. जिभेला मात्र काही गुंडाळायची नाही.

"मिस्तरी," ती एक दिवस म्हणाली, "रस्ता येथूनच काहून नेऊन राह्यला तू?"

"नकाशात आहे."

"नकाशा काढनारा येथून पायी गेलता का?"

बाया हसल्या. माझं डोकं फिरलं. "तुले नकाशा समजते का? नाई नं? मंग खडी फोड!"

ती फोडत राहिली. पण शेजारणीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आमच्या नायकाचा बैल याच्यापेक्षा हुशार होता वं."

आठ दिवसांनी अवकाळी पाऊस झाला. फार नाही, खडीवरची धूळ धुऊन निघेल इतकाच. दुसऱ्या दिवशी रोलर लाइनीवर घातला आणि त्याचं पुढचं चाक आसापर्यंत खाली गेलं. ड्रायव्हर उडी मारून पळाला. तीन दिवस साखळदंड लावून चाळीस माणसं ओढत होती. चौथ्या दिवशी रोलर निघाला, पण माझा माज तिथंच रुतून राहिला. आता पावसाळ्याची वाट पाहायची गरज नव्हती. रिपोर्ट मला डोळ्यांसमोर दिसत होता.

मी तांड्यावर गेलो. रुपीबाई दारात बसून भाकरी थापत होती.

"बाई, तुम्ही त्या दिवशी काय म्हणत होत्या?"

"आज तुम्ही? त्या दिवशी तर तू होती मी." ती भाकर उलटून म्हणाली, "बस. पाणी पे. मंग चाल."

तिनं लोटा माझ्या हातात दिला. वरून ओतलं नाही. हे मी मुद्दाम लिहितो, कारण त्याच रस्त्यावर दोन गावं अशी होती जिथं मिस्त्रीला वरून पाणी ओतायचे.

ती मला लाइनीपासून दोनशे पावलं डावीकडं घेऊन गेली. दिवस तापू लागले होते, पावसाची ओल उडाली होती आणि काळ्या जमिनीला ठिकठिकाणी पाय जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. एका ठिकाणी ती थांबली. "आता भेग दाखव."

मी खाली पाहिलं. दोन गाड्या शेजारून जातील एवढ्या रुंदीचा पट्टा. त्यात एक भेग नव्हती. आखूड, कुसळी गवत तेवढं उभं होतं. पट्टा नाल्याकडं वळत वळत गेला होता.

"हा लदेनीचा रस्ता," ती म्हणाली. "बैलायच्या पाठीवर मीठ अन् धान्य घेऊन आमचा तांडा येथून जाये. माहा सासरा दोनशे बैल घेऊन गेलता. मीही गेली, नवी नवरी होती तवा. नायक पह्यले रिकामा बैल सोडे. बैलाचा खूर जेथी रुतला नाई, तेथून लदेनी. बैल काई वाचत नाई बापा. पाय टाकून पाह्यते."

मी कुदळ मागवली. दोन हातांवर मुरूम लागला, लाल, घट्ट, ठणठणीत. मग नकाशाच्या रेघेवर खणलं. कमरेइतका आत गेलो तरी काळीच. खड्ड्यात उभा राहून मला हसू आलं आणि रडूही.

त्या दिवशी मी यवतमाळच्या मोठ्या साहेबांना अर्ज लिहिला. आयुष्यातला पहिला, स्वतःच्या अक्षरात. लाइन बदलावी, पाहणीस यावे. माझ्या वरच्याला ओलांडून लिहिला. ओव्हरसियरसाहेबांना कळलं तेव्हा ते इतके लाल झाले की मुरूम बरा. "मिस्त्री लाइन बदलणार? उद्या रोडगँगची बाई पूल बांधेल!"

मोठे साहेब आले. बुटांना पॉलिश. दोन्ही खड्डे पाहून म्हणाले, "खड्डा काहीही सांगतो. ओलं झाल्यावर काय?"

तेवढ्यात रुपीबाईनं बायांना हाक मारली. त्यांनी दोन्ही जागी घागरी रिचवल्या. पाणी मुरू दिलं. मग प्रत्येकीनं डोक्यावर खडीचं भरलेलं टोपलं घेतलं आणि बारा बाया एकामागं एक निघाल्या, पुढं रुपीबाई. पट्ट्यावरून गेल्या, नुसते तळवे ओले झाले. रेघेवरून गेल्या, तिसरीपर्यंत घोटे बुडाले, सहावी गुडघ्यापर्यंत गेली आणि टोपलं टाकून शिव्या देऊ लागली. साहेबांना वाटलं, बाया सोंग करताहेत. ते स्वतः पुढं झाले. दोन पावलं गेले आणि परत आले ते एका बुटावर.

दुसरा बूट रुपीबाईनंच हात घालून काढला. पदरानं पुसून पुढं धरला. "घ्या साहेब. तुमाले पटलं, बुटालेही पटलं."

लाइन बदलली.

खुंट्या ठोकत गेलो तेव्हा मला कळलं की तो पट्टा किसनसिंगच्या शेतातून जातो. किसनसिंग, रुपीबाईचा पोरगा. तो धावत आला, चार खुंट्या उपटून फेकल्या आणि आईवर ओरडला. "याडी! तुले माईत होतं रस्ता आपल्या वावरातून जाईन?"

"होतं."

"मंग सांगतलं कायले?"

"खुंट्या दे पह्यले." तिनं एक उचलली आणि दगडानं पुन्हा ठोकली. "या पट्ट्यात तुह्या कधी कापूस झाला का? दर साली याच जागेले शिव्या देते. त्या मुरमात कापूस नाई होत किसन्या, रस्ता होते. अन् चाळीस घरचं काम गेलं असतं त्या रुतनाऱ्या लाइनीपायी. त्यात तुही बायको नाई का?"

किसनसिंग तणतणत बांधावर बसला. पण बसला. उरलेल्या खुंट्या त्यानं उपटल्या नाहीत.

मी भारावून म्हणालो, "याडी, तुमचे उपकार..."

"मी कायची तुही याडी? एक किसन्या पुरे आहे मले," ती म्हणाली. मग हळूच विचारलं, "त्या अर्जात माहं नाव लिहलं नं?"

"लिहिलं," मी म्हणालो.

खोटं. मी लिहिलं होतं, 'मला असे आढळून आले की'. सरकारी कागदांत असंच असतं, म्हणून मीही तसंच लिहिलं. ज्यांनी आम्हाला अक्षरापासून लांब ठेवलं त्यांच्यावर मी जन्मभर थुंकलो, आणि माझ्या हाती अक्षर येताच मी पहिलं काय केलं, तर न वाचणाऱ्या बाईचं डोकं माझ्या नावावर केलं. पुढं ओव्हरसियरसाहेबांनी तेच आपल्या नावावर केलं. चोराच्या घरी चोरी झाली, तक्रार कुठं करणार?

पाऊस आला आणि गेला. वळण हललं नाही. साग भरलेले ट्रक त्यावरून गेले, एस्टी गेली. माझा रिपोर्ट कोणी लिहिला नाही. गँग टिकली. माझ्या घरातली पोरं शाळेत टिकली ती त्या पट्ट्यावर. वळणावर हात दाखवला की एस्टी थांबते, आणि आज किसनसिंगचा कापूस तिथूनच पांढरकवड्याला जातो. तो आता मला पाहून बांधावरून उठतो.

दोन वर्षं मी ते खोटं पोटात घेऊन हिंडलो. मग एक दिवस तांड्यावर जाऊन सांगून टाकलं. रुपीबाईनं पाण्याचा लोटा उचलला. मला वाटलं, फेकून मारेल. मारायला पाहिजे होता.

"मले वाचता येत नाई," ती म्हणाली. "तुले येते. मंग तूच लिही, अन् मले वाचून दाखव."

म्हणून हे लिहिलं. साहेबांसाठी नाही, शिव्या देणाऱ्या ट्रकवाल्यांसाठी, आणि तिच्यासाठी. परवा तिच्या दारात बसून सगळं वाचलं. माझ्या "जी साहेब"वर ती तोंडात पदर घालून हसली. बुटाचा भाग तिनं दोनदा वाचायला लावला. चोरीच्या भागाला मान खाली घालून होती. संपल्यावर मी वाट पाहत राहिलो.

"सासऱ्याचे बैल दोनशे नाई," ती म्हणाली. "तीनशे होते. तेवढं दुरुस्त कर."

वर दोनशे बैल आहेत तिथं वाचणाऱ्यानं तीनशे वाचावं. सांगणारी, रुपीबाई, भावसिंगचा तांडा. लिहिणारा फक्त मी.