साठ-पासष्टचा पेपर

हॉस्पिटलातून घरी येऊन सात आठवडे झाले, पण बाबांनी अवनीला एकदाही उचललं नव्हतं.

सुखदाच्या हे लक्षात यायला वेळच लागला, कारण बाबांकडे सबबी तयार असत. कधी हात गार आहेत, कधी दाढी टोचेल, कधी आत्ताच चहा घेतलाय. पाच महिन्यांची अवनी सतरंजीवर पालथी पडून त्यांच्याकडे बघत हुंकार द्यायची आणि विश्वनाथ मास्तर, मिरजेत चौतीस वर्षं पोरांना गणित शिकवलेला माणूस, खुर्चीतूनच टाळ्या वाजवून तिला रमवायचे. बारशाला म्हणून लेकीकडे दिल्लीत आले, नातीत गुंतून राहिले आणि लक्ष्मीबाई नगरच्या याच क्वार्टरमध्ये एका सकाळी हार्ट अ‍ॅटॅक येऊन आडवे झाले. स्टेंट वेळेत पडला म्हणून निभावलं.

डिस्चार्जच्या दिवशी एका घाईतल्या डॉक्टरने सांगितलं होतं, "अंकल, पंपिंग पैंतीस परसेंट है. कुछ हफ्ते बाद फिर देखेंगे."

घरी येताच बाबांनी जाहीर केलं, "काठावर पास झालो बरं का!"

"ग्रेस मार्क लागले नाहीत हे काय कमी आहे?" सुखदाचा नवरा प्रसन्न म्हणाला होता. सगळे पोट धरून हसले होते. बाबासुद्धा.

आज ते 'फिर देखेंगे' होतं. आजचा इको बरा आला तर बाबा अवनीला घेतील, सुखदाला बाकी काही नको होतं. निघताना तिने त्यांच्या तळहातावर दही-साखर ठेवली.

"अगं, मी काय दहावीला बसतोय?" ते म्हणाले, पण तळहात चाटूनपुसून स्वच्छ केला.

प्रसन्नला ऑफिसात मीटिंग होती. अवनीला ठेवायचं कुणाकडे? तीही आईच्या खांद्याला लटकून निघाली.

इकोच्या खोलीत अंधूक उजेड होता. बाबा शर्ट काढून डाव्या कुशीवर झोपले. डॉक्टरबाईंनी छातीवर जेल लावताच "अहाहा, काय गार!" म्हणून शहारले. सुखदाला हसू आलं. हाच गार जेल, असाच राखाडी पडदा. वर्षभरापूर्वी ती अशीच पडली होती आणि पडद्यावर अवनी शेंगदाण्याएवढी दिसली होती. आता त्या पडद्यावर तिच्या बापाचं काळीज होतं. झडपा उघडत होत्या, मिटत होत्या, कुणी बघतंय याची त्यांना फिकीर नव्हती.

"साँस छोड़िए, अंकल. रोकिए. बहुत अच्छे." डॉक्टरबाईंनी बोट दाखवलं. "ये सामने की दीवार देखिए. पिछली बार हिल ही नहीं रही थी. अब देखो, काम पे लग गई." मग बटणं दाबून आकडा काढला. "अड़तालीस! बढ़िया."

सुखदाने अवनीचा पापा घेतला. पण बाबांचा चेहरा उतरला.

"मतलब बावन परसेंट अभी भी मरा हुआ है," ते हळूच म्हणाले.

"कौन मरा हुआ है?"

"हार्ट. पहले पैंसठ मर गया था."

सुखदा बघतच राहिली. म्हणजे सात आठवडे हा माणूस पासष्ट टक्के मेलेलं काळीज घेऊन घरभर विनोद करत हिंडत होता! आणि आपण हसत होतो.

डॉक्टरबाईंनी खुर्ची जवळ ओढली. "अंकल, सौ किसी का नहीं होता. मेरा भी नहीं. हार्ट में जितना खून भरता है, एक धड़कन में उसका साठ-पैंसठ परसेंट ही बाहर जाता है. बस, वही नॉर्मल है. और आपकी वो दीवार मरी नहीं थी, अटैक से सुन्न पड़ गई थी. अब जाग रही है."

बाबा उठून बसले. मास्तरांचे डोळे चमकले. "म्हणजे पेपरच साठ-पासष्टचा!" ते मराठीतच ओरडले. "आणि त्यात अठ्ठेचाळीस! सुखे, मी शंभराचा समजत होतो गं!"

"बाबा, विचारायचं नाही का?"

"मास्तरने विचारायचं? पोरं विचारतात." मग डॉक्टरबाईंकडे वळून त्यांनी घसा खाकरला. "एक सवाल है. छह किलो आठ सौ ग्राम उठा सकता हूँ?"

"ये कौन-सा हिसाब है?"

बाबांनी अवनीकडे बोट केलं. सुखदाचे डोळे भरून आले. वजन तिलाही इतकं अचूक आठवत नव्हतं; लसीच्या कार्डावरून त्यांनी ते पाठ केलं असणार.

"उठाइए, आराम से उठाइए. पहले जेल तो पोंछ लीजिए!"

शर्टाची बटणं वरखाली लावत बाबा बाहेर आले आणि हात पुढे केले. अवनी त्यांच्या हातात गेली मात्र, तिने असं भोकाड पसरलं की रांगेतली माणसं वळून बघू लागली. सात आठवड्यांत ती हे हात विसरली होती.

"द्या इकडे, बाबा."

"राहू दे. फुप्फुसं चांगली आहेत पोरीची." अवनीला खांद्यावर थोपटत बाबा व्हरांड्यात येरझाऱ्या घालू लागले. "सतरा एके सतरा, सतरा दुणे चौतीस..."

"बाबा, भुकेली असेल ती."

"थांब गं, पाढा मध्येच तोडू नये!"