पाय धुण्याचा सराव

२००९ सालच्या माघातली एक साधी सकाळ. आमगावजवळच्या खेड्यात भैयाजींच्या अंगणात पाय धुण्याची तालीम चालू होती. रविवारी त्यांच्या मुलीला, नूतनला पाहायला पाहुणे यायचे होते, आणि पाहुण्यांचे पाय मुलीच्या भावानेच धुवायचे असा त्यांच्याकडचा रिवाज. भाऊ एकच, वीरेंद्र. त्यामुळे निवडीचा प्रश्न नव्हता.

"दारापासून बाजेपर्यंत नऊ पावलं," भैयाजी म्हणाले. "मोज."

वीरेंद्रने मोजली. नवव्याला गुडघा बाजेवर आपटला.

"आठ कर," भैयाजी म्हणाले.

वीरेंद्र अठ्ठावीस वर्षांचा, ट्रॅक्टर चालवणारा. दोन वर्षांपूर्वी त्याच्या रक्तात एचआयव्ही निघाला होता. महिन्याच्या महिन्याला गोंदियाहून गोळ्या आणायचा, अंगात ताकद टिकून होती. दिवाळीनंतर नूतनसाठी स्थळं पाहायला सुरुवात झाली, तेव्हा गोळ्यांच्या रांगेत ओळखीचं कुणी भेटेल म्हणून भैयाजींनी त्याच्या फेऱ्या बंद केल्या. महिनाभरापूर्वी त्याच्या डोळ्यांपुढे काळ्या माशा फिरू लागल्या. हिवाळ्यात माशा असतात, असं घरात ठरलं.

मागच्या शनिवारी भैयाजी त्याला गोंदियाला डोळ्यांच्या डॉक्टर अल्काबाईंकडे घेऊन गेले होते.

"डोळ्यांत शिरलाय तो जंतू एचआयव्हीचा नव्हे, दुसराच. बहुतेकांच्या अंगात तो झोपलेला असतो," त्या म्हणाल्या. "ताकद घटली की जागा होतो. पण सगळ्यांच्याच डोळ्यांत शिरत नाही. काहींच्या शरीराची घडणच जन्मापासून तशी असावी, आईबापांकडून आलेली. अजून पक्कं नाही, शोध चालू आहे."

"म्हणजे खानदानी?"

"घडण, काकाजी. रोग नव्हे. ताकद शाबूत असलेल्याला तिचा त्रास नाही. ते सोडा. डावा पडदा जवळजवळ गेलाय, उजव्याला कडेनं लागलंय. आठ दिवसांच्या आत नागपूर गाठा. आणि गोळ्या कोणी बंद केल्या?"

शेवटच्या प्रश्नाला भैयाजी छताचा पंखा पाहत राहिले. बाकी सगळं त्यांनी नीट ऐकलं, कळलंही; घरी सांगितलं मात्र एवढंच: नागपूर गाठायचंय, आणि घडण आईबापांकडून आलेली. मुलाकडची माणसं मुलीच्या खानदानाची तपासणी कुठल्याही डॉक्टरपेक्षा बारकाईनं करतात.

"रविवार होऊ द्या," वीरेंद्रची आई सुलोचनाबाई म्हणाल्या. "मंग जाऊ नागपूरले."

जंतूला मात्र पाहुणे येणार असल्याचं कुणी कळवलं नव्हतं. मंगळवारी वीरेंद्रला अंगणातला खांब दिसत होता, खांबाला टेकलेली सायकल दिसत नव्हती. गुरुवारी खांब गेला. तालीम मात्र सुधारत होती. शनिवारी त्याने पाण्याचा एक थेंब इकडेतिकडे न सांडता तीन रिकाम्या पाटांवर धार धरली, आणि सुलोचनाबाईंनी कौतुकाने त्याच्या पाठीवर हात फिरवला. मग पदराने स्वतःचे डोळे पुसले आणि चहाचे कप मोजायला गेल्या.

रविवारी मुलाचे वडील सुकरामजी दोन जाणत्यांना घेऊन आले. आठ पावलं. धार बरोबर पडली. पाय धुऊन झाल्यावर वीरेंद्रने टॉवेल पुढे केला तो खांबाकडे. भैयाजींनी हसत हसत त्याचा हात वळवून दिला.

"पोरगा संस्कारी हाय," सुकरामजी म्हणाले. "नजर वर नाही करत. नाही तर आजकालचे पोट्टे."

नूतन पोहे घेऊन बाहेर आली, बसली, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं दिली आणि आत गेली. मुलगी पसंत पडली. वैशाखातली तारीख निघाली. स्वयंपाकघरात सुलोचनाबाईंनी मुलाच्या कानाशी तोंड नेलं.

"आता वैशाखापर्यंत दम धर, बापू."

नूतन चुलीपाशी उभी होती. "काऊन? आज जायचं होतं नं?"

"लगनाआधी नागपूरची चिठ्ठी कोणाच्या हाती लागली तं तुले कोण करन?"

"नूतन," वीरेंद्र म्हणाला, "तू कोणत्या रंगाची साडी नेसली वं? मले समदं पांढरंच दिसून राहिलं."

साडी हळदीसारखी पिवळी होती. त्याचा हात धरून नूतन त्याला बाहेर पाहुण्यांसमोर घेऊन आली.

"सुकरामजी, तुमी भाऊची तारीफ केली. त्याले तुमचे पाय दिसलेच नाही. त्याले एचआयव्ही हाय, डोरे जाऊन राहिले. दवाखान्यात नेलं तं मायं लगन मोडन, म्हणून यायनं त्याले आठ दिवस घरी ठेवलं."

"आत जा, नूतन," भैयाजी म्हणाले.

"आईबापाकडून आलं म्हणते डॉक्टरीण. तशी घडण माया अंगात बी असन. तुमच्या पोराच्या बी असन, तपासलं कोणं? पण भाऊचे डोरे गमावून मले लगन नाही करायचं."

सुकरामजींनी पोह्यांची बशी खाली ठेवली. "आमाले जरा विचार करा लागते," ते म्हणाले. आणि ते विचार करायला इतक्या घाईने निघाले की चपला हातातच होत्या.

दुपारच्या गाडीने नूतन भावाला घेऊन नागपूरला गेली. भैयाजी दारात आडवे उभे राहिले होते. तिने त्यांना हाताने बाजूला केलं. डावा डोळा गेलाच होता. उजवा अर्धा वाचला. समोरचं माणूस ओळखू येतं, ट्रॅक्टर चालवता येत नाही. आता दर महिन्याला नूतन त्याला घेऊन गोळ्यांच्या रांगेत उभी राहते, तोंडाला पदर न लावता. तिला पाहायला तेव्हापासून कुणी आलेलं नाही.

भैयाजी विचारणाऱ्याला सांगतात, मळणीत धानाचं कुसळ डोळ्यात गेलं. गावाने हे एकमताने मान्य केलं आहे. कारण गावातल्या आणखी तीन घरांत कुणाच्या तरी डोळ्यांपुढे माशा फिरतात, आणि त्या घरांतही यंदा लग्नं काढायची आहेत.