एकही भोक न पाडता

वेनिंगने डॅशबोर्डवरचं काळं बटण ओढून दिवे लावले, मनगटावरच्या घड्याळात दहा मिनिटं मोजली आणि वडिलांचा हात धरून त्या बटणावर ठेवला. दार्सोनोंनी तो झटकन मागे घेतला. चटका चांगलाच बसला होता. पण एकतीस वर्षं पोरांना रेखाकला शिकवलेला माणूस पोटच्या पोरीपुढे तसं कबूल करेल तर शपथ.

"कोमट आहे," ते म्हणाले.

"कोमट? चहाचं आधण ठेवा त्याच्यावर, बापाक."

"बोलायला काय जातंय तुझं."

गाडी १९६१ची, इंग्रजी बनावटीची, मोठ्या गोल दिव्यांची. जावातलं सारं क्लातेन गाव तिला 'म्बाह इजो' म्हणे, म्हणजे हिरवे आजोबा. दार्सोनोंच्या वडिलांनी ती क्लातेन ते सोलो भाड्याने चालवून पाच पोरं शिकवली होती. दार्सोनोंनी ती जशीच्या तशी राखली. एक स्क्रू नव्या धाटणीचा दिसला तरी त्यांना जेवण गोड लागत नसे.

तंटा लागला तो दिव्यांवरून. जुन्या गाड्यांच्या क्लबमधले कुंचोरो, तंबाखूचे व्यापारी आणि शाळेपासूनचे दोस्त, चारचौघांत म्हणाले होते, "दार्सोनो, तुझ्या आजोबांना मोतीबिंदू झालाय. जरा डॉक्टरला दाखव." ते फार लागलं. कुंचोरोंनी स्वतःच्या निळ्या गाडीला बसवले होते तसलेच दुपटीहून जास्त ताकदीचे बल्ब दार्सोनोंनी मागवले आणि कुणाला न विचारता बसवून टाकले. आता रविवारी सुट्टीवर आलेली लेक डॅशबोर्डखाली डोकं घालून कुरकुरत होती. वेनिंग साखर कारखान्यात वीजतंत्री होती. गळीत हंगामात तिच्या हाताखाली नऊ पुरुष काम करत आणि तिला नुसतं पाहिलं तरी विड्या विझवत.

"हे बघा," ती म्हणाली. "या गाडीत दिव्यांचा सगळा करंट या एवढ्याशा बटणातून जातो. बारीक वायरी, साठ वर्षांच्या. मधे फ्यूज नाही. जुन्या बल्बांना ते पुरत होतं. या बल्बांनी बटण वितळेल, वायरींचं आवरण पेटेल, आणि तुम्ही आतच बसलेले असाल."

"मग उपाय काय?"

"रिले. बटणाने फक्त इशारा द्यायचा. खरा करंट बॅटरीतून जाड वायरीने थेट दिव्याला, आणि वाटेत फ्यूज. तासाभराचं काम."

"आणि ते काळं डबडं बॉनेटखाली लोंबकळत ठेवायचं? पत्र्याला भोकं पाडायची?"

"नाहीतर जुने बल्ब परत लावा."

"येत्या रविवारी? रांगेच्या तोंडाशी? कुंचोरो मला जगू देईल का?"

क्लबची वर्षातली रांग बोयोलालीच्या मैदानापर्यंत जाई. सगळ्यांत जुनी गाडी पुढे. पहिलं चाक फिरल्यापासून मैदान येईपर्यंत भर उन्हात प्रत्येकाचे दिवे चालू. ज्याचा दिवा विझला ती गाडी रांगेबाहेर; तिने कडेला व्हायचं आणि बाकीच्यांनी पुढे जायचं. यंदा आधीची सगळ्यांत जुनी गाडी सुराबायाला विकली गेली होती आणि तोंडाचा मान प्रथमच म्बाह इजोला आला होता. शिवाय मैदानावर परीक्षण होतं. बल्ब, टायर असलं झिजणारं सोडलं तर ज्या गाडीत काहीच बदललेलं नाही तिला चषक. दार्सोनो आठ वर्षं त्या चषकाकडे डोळे लावून होते.

वेनिंगने हात पुसले. बराच वेळ ती बॉनेटखाली बघत राहिली.

"गाडी मला शनिवारपर्यंत द्या," ती म्हणाली. "एकही भोक पाडणार नाही. बाहेरून बदललेलं काही दिसणार नाही. शनिवारी तुम्ही शोधा. सापडलं तर उपटून फेका, मी चकार शब्द काढणार नाही."

"आणि नाही सापडलं तर?"

"तर गप्प बसा. मीही कुणाला सांगणार नाही. झालं?"

"झालं," दार्सोनो म्हणाले. मनात म्हणाले, ही काल जन्मलेली, आणि मला ही गाडी शिकवणार.

शनिवारी दुपारी ते टॉर्च, आरसा आणि चष्म्यावर दुसरा चष्मा घेऊन गाडीत शिरले. पोरांच्या कागदावर केसभर सरकलेली रेघ पकडणारे ते डोळे. इंच इंच पालथा घातला. तीच तपकिरी सुती वेष्टणाची वायर, तीच तिच्यातली हिरवी रेघ, उन्हातेलाने विटलेली. तेच पितळी चिमटे. डबडं नाही, भोक नाही, टेपचा तुकडा नाही. दोन तासांनी ते पाठ धरून बाहेर आले. पोरीला जमलं नाही आणि सांगायची लाज वाटली, असं त्यांनी ठरवून टाकलं. विचारलं मात्र नाही. विचारणं म्हणजे हरणं.

वेनिंग ओट्यावर बसून शेंगदाणे सोलत होती.

रविवारी चौतीस गाड्या निघाल्या. तोंडाशी म्बाह इजो, मागे कुंचोरोंची निळी. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक उभे होते, शाळेतल्या एका जुन्या विद्यार्थ्याने "गुरुजी" म्हणून हाक मारली, आणि दार्सोनोंची छाती अशी फुगली की शर्टाचं बटण ताणलं. शेजारी वेनिंग पुढे बघत बसली होती. जातिनोमच्या चौकात त्यांनी चोरून दिव्याच्या बटणाला बोट लावलं. गार. चढ सुरू झाल्यावर पुन्हा लावलं. तळहात टेकवून ठेवला. गारच. त्यांना काही उमजेना.

जळकट वास आला तेव्हा त्यांनी आधी स्वतःच्या बटणाकडे पाहिलं. पण वेनिंग मागे वळली होती.

"बापाक, गाडी थांबवा. पाक कुंचोरोंच्या बॉनेटमधून धूर येतोय."

रांग थांबली. वेनिंग पान्हा घेऊन धावत सुटली. तिने कुंचोरोंना दंडाला धरून बाहेर ओढलं, बॉनेट फटीएवढंच उचललं आणि हात आत घालून बॅटरीची तार सोडवली. डॅशबोर्डखाली ज्वाळा निघाली होती, तिच्यावर कुणाच्या तरी गाडीतला रबरी पायपुसणं दाबलं. चार मिनिटांत आटोपलं. बटणाच्या जागी काळा गोळा राहिला होता, आणि स्टिअरिंगच्या खाली जिथे कुंचोरोंचे गुडघे असायचे तिथे पत्रा भाजून निघाला होता.

कुंचोरो रस्त्याच्या कडेला मातीत बसले.

"तुझी बरी राहिली?" मग त्यांनी दार्सोनोंना विचारलं. "बल्ब तेच, वायरी साठ वर्षांच्याच. म्हणजे बल्बांत खोट नाही. माझंच नशीब फुटकं."

"नशीबच," मागचा एकजण म्हणाला. "मी पण मागवलेत, उद्या येतील. आम्ही अकरा जणांनी मिळून मागवलेत."

दार्सोनोंनी लेकीकडे पाहिलं. ती काजळीने काळे झालेले हात चिंधीला पुसत होती. खाली बघत होती. आता कुठे त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला: पोरीने काम केलं होतं, म्हणूनच बटण गार होतं. बोलायला तोंड उघडलं. मैदान, परीक्षक, चषक असं सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं, आणि तोंड मिटलं.

"चला, उशीर होतोय," ते म्हणाले. स्वतःचाच आवाज त्यांना आवडला नाही.

परीक्षक पाक हेंद्रार्तो सेमारांगचे, वाळक्या अंगाचे आणि कुणाचंही कौतुक न करण्याबद्दल प्रसिद्ध. चटई अंथरून ते म्बाह इजोखाली झोपले, आत शिरले, बॉनेटखाली वाकले. पाऊण तास लागला. दार्सोनो शेजारी उभे, आणि वेनिंग दोन पावलं मागे.

"वायरिंगला हात लागलेला नाही अशी गाडी मी बऱ्याच वर्षांनी बघतोय," हेंद्रार्तो अखेर म्हणाले. त्यांनी कागदावर 'नंतर केलेले बदल' यापुढे 'नाहीत' असं लिहिलं आणि सहीसाठी पेन पुढे केलं.

भोवती जमलेल्यांत टाळ्या पडल्या. "बघ," कुणीतरी शेजाऱ्याला म्हणालं, "जुन्याच वायरीवर झकास चालतात हे बल्ब."

दार्सोनोंनी पेन घेतलं. आठ वर्षं त्यांनी या कागदावर सही करायची वाट पाहिली होती. त्यांनी 'नाहीत' या शब्दावर आडवी रेघ मारली. हाताने मारली, पण पट्टी लावल्यासारखी सरळ.

"बदल आहे," ते म्हणाले. "दिव्यांना रिले आहे, फ्यूज आहे. ते नसतं तर आज माझी गाडी आधी पेटली असती, कुंचोरोची नंतर. ज्यांनी बल्ब मागवलेत त्यांनी ऐका. वायरिंग केल्याशिवाय लावू नका."

हेंद्रार्तोंचा चेहरा पडला. "कुठे आहे? मला दिसला नाही."

"मला तरी कुठे सापडला. तिला विचारा."

"बापाक, मी शब्द दिला होता," वेनिंग हळूच म्हणाली.

"तू पाळलास, पोरी. आता दाखव, न्दुक."

तिने डाव्या दिव्याभोवतालचं कडं सोडवलं. दिव्यामागच्या खोल वाटीत, पत्र्याच्या मूळच्याच एका स्क्रूला धरून, ती काळी डबी आणि फ्यूज बसले होते. तिथून जाड नवी वायर निघाली होती, पण अंगावर तेच विटलेलं तपकिरी सुती वेष्टण, तीच हिरवी रेघ.

"वेष्टण जुनं काढून चढवलंत?" हेंद्रार्तोंनी विचारलं.

"जुनं तुटत होतं. ते पिशवीत जपून ठेवलंय. हे पेदानच्या सुमिराह बाईंनी मागावर विणून दिलं. त्या लुरिकचं रेघारेघांचं कापड विणतात. रंग विटका यावा म्हणून सूत तीनदा चहात उकळलं."

हेंद्रार्तोंनी भिंग काढून एक एक धागा पाहिला. कुंचोरो कुणाच्यातरी गाडीतून मागून पोचले होते, तेही वाकले. मग ज्यांनी बल्ब मागवले होते ते सगळे त्या एका दिव्यासमोर गुडघ्यांवर आले.

"नियम नियम असतो, पाक," हेंद्रार्तो उठत म्हणाले. "चषक देता येणार नाही."

"माहीत आहे."

"काम कोणी केलं, ते लिहायचं असतं इथे."

दार्सोनोंनी बॉनेटवर कागद ठेवला आणि लेकीचं पूर्ण नाव लिहिलं, शाळेच्या फळ्यावर लिहीत तसं, एक एक अक्षर सुटं आणि मोठं. त्याखाली 'वीजतंत्री' लिहिलं. जागा उरली होती, म्हणून 'माझी मुलगी' असंही लिहिलं.

"तेवढं लिहायची गरज नसते," हेंद्रार्तो म्हणाले.

"असू दे," दार्सोनो म्हणाले, आणि शाई वाळेपर्यंत कागद कुणाच्या हाती दिला नाही.