घासून घासून पातळ झालेला माझा दट्ट्या

मित्रांनो, मी एक जुनी रायफल आहे. एक गोळी सुटली की दुसरी आपोआप भरणारी, अशी माझी ख्याती. अलीकडे ती ख्याती साफ खोटी ठरली आणि शिव्या मात्र मी खाल्ल्या.

माझं काम साधं आहे. गोळी सुटते तेव्हा थोडा वायू एका बारीक छिद्रातून वरच्या छोट्या नळीत शिरतो. तिथं एक दट्ट्या असतो. वायू त्याला मागे ढकलतो, त्या धक्क्यानं रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि भरलेलं आत येतं. वायू वाटेतच निसटला, तर मी नुसती काठी.

कारखान्यातून मी दूर डोंगरांतल्या नारीनच्या कुरणांवर आले, बेयशेच्या खांद्यावर. बेयशे घोडे राखायचा. पाहुणे येणार म्हटलं की समोवारबरोबर, म्हणजे चहाच्या पितळी बंबाबरोबर, मलाही उघडून बसायचा आणि शेणीच्या राखेनं, बारीक वाळूनं माझा दट्ट्या घासायचा. पाहुणे त्यात आपल्या मिशा बघायचे. "बेयशेचं हत्यार म्हणजे आरसा," म्हणायचे. मीही फुगायचे. मूर्ख होते. प्रत्येक कौतुकागणिक माझा दट्ट्या झिजत होता.

बेयशे गेला. मुलगा सूयुनबायनं तीच राख हातात घेतली. गेल्या शरदात माझी रिकामी काडतुसं लांब उडायची सोडून त्याच्याच बुटांवर पडू लागली. ट्रॅक्टर दुरुस्त करणाऱ्या एर्केबाय उस्तानं, म्हणजे मिस्त्रीनं, ते पाहिलं.

"वायू गळतोय रे हिचा. घेऊन ये माझ्याकडे."

"वडिलांनी चाळीस वर्षं जपलीय तिला, उस्ता. तिला काय धाड भरलीय?"

आणि त्यानं माझ्या नळीत मेंढीच्या शेपटीची चरबी चोपडली. ती आत जळली, तिचं कीट झालं. मला तोंड असतं तर मी त्याला तिथंच झापलं असतं.

वसंतात, भर दुपारी लांडगा आला. पहिली गोळी हुकली. दुसरी आलीच नाही; रिकामं काडतूस अर्ध्यात अडकलं. सूयुनबाय ते उपसत राहिला आणि पांढऱ्या घोडीचं शिंगरू त्याच्या डोळ्यांदेखत गेलं. त्यानं मला दगडांवर आपटलं.

बायको काल्बूबू म्हणाली, "आपटा अजून. घोडी उरलीय अजून. तीही गेली की तिच्या दुधाऐवजी काय पिऊ, तुमचा ताठा?"

तेव्हा कुठे स्वारी मला घेऊन उस्ताकडे निघाली. उस्तानं मला पुसलं, तीन गोळ्या झाडल्या आणि काजळी कुठे बसली ते बोटानं चाचपलं. मग दट्ट्या नळीत सोडला. तो खडखडत खाली गेला.

"हा दट्ट्या आहे की घंटेचा लोळा? कशानं घासता?"

"राखेनं. वाळूनं."

"समोवार पातळ झाला तरी चहा होतो, बाबा. हा पातळ झाला की सगळा वायू बाजूनं पळतो."

"म्हणजे माझे वडील चुकले?"

"मी दट्ट्या मोजला. तुझ्या वडिलांना नाही मोजलं."

उस्तानं नवा दट्ट्या कातला, नळीत नीट बसेल असा. आतलं कीट काढलं, छिद्र मोकळं केलं. बजावलं, "कोरड्या फडक्यानं पुसायचं. चकाकी नको."

नवव्या दिवशी लांडगा घोडीसाठी परतला. पहिली गोळी पुन्हा हुकली. दुसरी आपोआप आली, आणि लांडगा पडला.

काल्बूबू धावत आली. "शेवटी सासऱ्यांची रायफल कामी आली हो."

सूयुनबायनं घोडीच्या मानेवरून हात फिरवला. मग म्हणाला, "बाबांनीच बिघडवली होती तिला. आणि मी."

मित्रांनो, वस्तूवर माया करायची तर आधी तिचं काम समजून घ्या. ती कण्हू लागली की तिचं ऐका, आणि जाणता माणूस सांगेल ते मुकाट्यानं माना. सूयुनबायनं म्हटलं ते वाक्य खरं होतं. तेच शरदात म्हणाला असता, तर घोडीच्या मागे शिंगरू चरत असतं.