वायसिमाचा गृहपाठ

चौथीच्या मुलांना मी एवढंच सांगितलं होतं, घरातलं कुणी हातानं काही करत असेल तर त्याचा व्हिडिओ काढा आणि वर्गाच्या ग्रुपवर टाका. पण ग्रुपमध्ये आधी पालक शिरले, त्यांच्यामागून ऑकलंडचे नातेवाईक. आता गृहपाठ शोधायचा तर आधी कुणाचं डुक्कर हरवलं ते वाचावं लागतं. आमच्या वावाऊ बेटावरच्या कुठल्याही मास्तरणीला विचारा.

वायसिमानं आईचा, हेपिसिपाचा व्हिडिओ टाकला. झाडाच्या सालीच्या पट्ट्या अर्धवट उकडलेल्या कंदानं चिकटवून ती कापड करत होती. छान होता. लगेच ऑकलंडहून वायसिमाच्या आत्याचा, काउफुसीचा आवाज घुमला, "कंद कच्चा राहिलाय! पोरांना भलतंच शिकवू नका!"

आत्याचा शब्द आमच्याकडे कुणी खाली पडू देत नाही. दुसऱ्या दिवशी हेपिसिपा शाळेच्या दारात हजर.

"बाई, तुमच्या गृहपाठानं माझं नाक कापलं! मला कंद उकडता येत नाही, हे सगळ्या बेटाला कळलं."

"मग उत्तर द्या ना त्यांना."

"नणंदेला? तुम्हीच द्या!"

मी दिलं, अगदी गोड शब्दांत. झालं! शुक्रवारी व्हिडिओवरून आपणच वर्गाला शिकवणार, असं आत्यानं जाहीर केलं.

शुक्रवारी बायकांच्या कामाच्या शेडमध्ये मुलं दाटीनं बसली. नेटवर्क दर वाक्याला जात होतं. फोन धरून माझा हात अवघडला. पडद्यावर आत्यानं सालीऐवजी ओला कागद घेतला, कंद घासला. कागद फाटला. दुसरा घेतला, तोही फाटला. मुलं खिदळली. मी डोळे वटारले.

"हात विसरले गं," आत्या पुटपुटली.

आता हेपिसिपा उट्टं काढणार, असं मला वाटलं. तिनं माझ्या हातातला फोन ओढून वायसिमाकडे दिला आणि आपल्या बोटांजवळ धरायला लावला.

"वन्सं, दाबू नका. नुसता फिरवायचा. असा."

आत्या पडद्याजवळ सरकली. "परत दाखव," ती म्हणाली. "आई असाच फिरवायची."

सोमवारी वह्यांचा ढीग उपसत होते, तेवढ्यात फोन वाजला. आत्याचा फोटो आणि खाली निरोप, "बाई, आज फाटला नाही. तपासा. आणि मार्क ग्रुपवरच टाका, सगळ्यांना दिसू देत."

मी कपाळावर हात मारला आणि फोटो मोठा करून बघू लागले.