आज लय वारा हाये

मित्रांनो, मी पाठीवरचा फवारणी पंप आहे, आता पुष्कळ जुना. सोनाळ्याच्या कडूबांनी मला संग्रामपूरच्या बाजारातून आणले आणि कपाशीच्या ओळींतून वर्षानुवर्षे वागवले. पुढे बोंडअळीला दाद न देणारे बीटीचे बियाणे आले. आता फवारणीची कटकट गेली, असे जो तो म्हणू लागला आणि मी गोठ्यातल्या खुंटीवर गेलो. काही हंगामांनी बोंडअळी परतली, तेव्हा मला पुन्हा खाली उतरवले.

पण आता कडूबा पूर्वीचे राहिले नव्हते. फवारलेलीच ओळ ते पुन्हा फवारत. माझे झाकण हातात घेऊन, ते कशाचे आहे हे आठवत उभे राहत. एकदा स्वतःच्याच शेतातून घरची वाट चुकले. वय झाले म्हणून सगळ्यांनी सोडून दिले.

एका सकाळी त्यांनी कपाशीचे औषध पाण्याच्या गडव्यात ओतले. तोंडाला लावणार, तोच त्यांच्या पत्नीने, अन्नपूर्णाबाईंनी, हात धरला. गावाने काय ते ठरवून टाकले. ती वर्षेच शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची होती. माणसे येऊन समजूत घालून गेली.

कडूबा एवढेच म्हणाले, "मले तहान लागली व्हती."

त्यांच्या सुनेने, पुष्पांजलीने, ते ऐकले. तिने त्यांना बुलढाण्याला डॉक्टरांकडे नेले आणि परतल्यावर गोठ्यातच सासूला सारे सांगितले. जगणे नकोसे वाटते का, हे डॉक्टरांनी आधी विचारले. रक्त तपासले. मग कागदावर घड्याळाचे चित्र काढायला सांगितले, तर कडूबांनी सगळे आकडे एकाच बाजूला लिहिले. हा स्मृतिभ्रंश आहे. बरा होणार नाही, पण माणूस सांभाळता येतो, असे डॉक्टर म्हणाले. विषारी वस्तू कुलपात ठेवा, वाद घालू नका, आणि सांभाळणाऱ्या बाईलाही विसावा द्या.

त्याच दिवशी मी औषधांसह कुलपात गेलो.

कडूबा रोज सकाळी मला मागत. पंप विकला, असे अन्नपूर्णाबाई सांगत, आणि त्यांना रोज नव्याने धक्का बसे. मग त्या म्हणू लागल्या, "आज लय वारा हाये. उद्या फवारू." कडूबा आभाळाकडे बघत आणि अंगणात शेंगा फोडत बसत.

परवा कडूबांच्या मुलाने मला बाहेर काढले. कडूबांनी माझ्या पट्ट्यावरून हात फिरवला.

"हा कोनाचा पंप हाये?"

मला काही वाटले नाही. रिकाम्या टाकीला काय वाटणार? अन्नपूर्णाबाईंनी, आपलाच आहे म्हणून सांगितले आणि त्यांचे हात साबणाने धुऊन दिले.

मित्रांनो, घरातले कुणी ओळखीची वाट चुकू लागले, तर हसू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि त्यांनी तेच तेच विचारले, तरी पहिल्यांदाच विचारल्यासारखे उत्तर द्या. त्यांच्यासाठी ते पहिल्यांदाच असते.