दोन कागदांवरचा एकच पाऊस

या, असे जवळ सरकून बसा. बुवा यायला अवकाश आहे, तोवर एक गोष्ट सांगतो. कीर्तनात ही कुणी सांगणार नाही, म्हणून मीच सांगतो. त्यातला पापी मी आहे.

मी हैबती, महाडचा सुतार. महिपतबुवांच्या मागे झांज धरतो, त्यांचं सामानही सांभाळतो. जवळच्याच तुडील गावचा मुराद बोटीवर खलाशी. सुट्टीवर आला की कीर्तनाला हमखास हजर. देवळाच्या पायरीखाली बसायचा आणि बुवांच्या नकलांना सगळ्यांच्या आधी हसायचा. सन तेवीसच्या शिमग्यात त्यानं जपानातून आणलेलं एक चित्र बुवांना दिलं. नदीवर लाकडी पूल, तिरका पाऊस, छत्रीखाली एकटा माणूस. म्हणाला, "बुवा, ह्ये बघून मला आपली सावित्री नदी आठवली."

बुवांनी ते भर कीर्तनात उंच धरलं. "हा बघा जीव निघालाय एकटा. त्याला वाटतं, छत्री आपणच धरलीय." लोक हसले. मला तर त्या चित्राचं वेडच लागलं. वरच्या कोपऱ्यात, आभाळात, मिरीएवढा एक डाग होता, तोसुद्धा मला पाठ.

वैशाखात पोलादपूरचं कीर्तन आटोपून परतलो, तर बुवांच्या झोळीत चित्र नाही. चार दिवसांनी तुडीलला एक चौकट बसवायला गेलो. मुरादच्या ओटीवर, भिंतीला, तेच चित्र. डागासकट.

मी अंगणातूनच ओरडलो. माणसं जमली.

"दिलेलं परत न्यायची रीत बोटीवर शिकलास काय रे?"

"दादा, ह्यो दुसरा हाय. मी दोन आणलेले. लाकडाच्या फळ्या कोरतात, रंगारंगाची फळी येगळी, आन् वर कागद दाबतात. शंभर निघतात तसले."

"सुताराला लाकूड शिकवतोस? लाकडातून पाऊस निघतो होय? आणि हा डाग? तोही शंभरदा पडला?"

त्याची बायको आमिना दारात उभी होती. हळूच नवऱ्याला म्हणाली, "देऊन टाका वो, म्हणजे त्यांच्या घशाला तरी इसावा मिळंल."

मुरादनं चित्र उतरवलं. "घ्या. चोर म्हणून नाय देत. बुवांना आवडतो म्हणून देतो."

दुसऱ्या दिवशी तो बोटीवर गेला. मी मात्र महाडात दुकानोदुकानी सांगत सुटलो.

श्रावणात ऊन पडलं तशी वीणेची गवसणी वाळवायला काढली. अस्तर उसवलं होतं. आत हात घातला तर कागद लागला. चित्र.

"अरे हो," बुवा म्हणाले, "पोलादपूरला वळीव आला तेव्हा भिजेल म्हणून मीच सरकवलं की. साफ विसरलो."

दोन्ही कागद शेजारी ठेवले. रेघेला रेघ तीच. डागही तोच, त्याच जागी. मग प्रथमच नीट बघितलं. डागाभोवती फिकट रेषा वळसा घालून गेल्या होत्या. ती लाकडाची गाठ होती. एकाच फळीची, दोन्ही कागदांवर उमटलेली. तीस वर्षं रंधा मारला, हजार गाठी चुकवल्या, आणि ही मला शाईचा डाग वाटली.  

गोकुळाष्टमीच्या कीर्तनात मध्येच झांज खाली ठेवली. दोन्ही चित्रं सगळ्यांपुढे धरली. "मुराद चोर नाही. खोटा मी." 

आठवड्यानं तुडीलला गेलो, चित्र परत द्यायला. ओटीवर माणसं बसली होती. वर्तमानपत्र येऊन गेलं होतं. जपानात, योकोहामा बंदरात धरणी हादरली, वर आग लागली, शहर गेलं. तारीख अष्टमीच्या आधी दोन दिवसांची.

मी आमिनेला म्हटलं, "बाई, मी चुकलो. त्याला पत्रानं कळव."

ती चित्राकडे बघतच नव्हती. "कागद कुठं धाडू, भाऊ? त्यांची बोट तिथंच लागायची होती."

मुरादचं पत्र आजवर आलेलं नाही. एक चित्र तिच्या भिंतीवर आहे, दुसरं बुवांच्या झोळीत. आज ते उंच धरतील तेव्हा त्या छत्रीखालच्या माणसाकडे बघा, आणि तुडीलच्या मुरादची तेवढी आठवण ठेवा.